नवा पायंडा पाडणाऱ्या रमाबाई रानडे

चारचौघींहून वेगळे काही केले की लोकांची नजर वळते. पण तेवढ्याने नवी रीत पडत नाही. आपल्यामागून दुसरी बाई त्याच वाटेने निर्धास्तपणे जाऊ लागली, म्हणजे पायंडा पडला म्हणावे. कै. रमाबाई रानडे यांचे चरित्र भगिनींनी या दृष्टीने अवश्य पाहावे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह माधवराव रानडे यांच्याशी झाला. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी त्यांना शिकवायला लगेच आरंभ केला आणि तेथूनच त्यांची परीक्षा सुरू झाली. पतीची इच्छा त्यांनी शिकावे अशी, तर घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच पसंत नव्हते. दिवसभर टोमणे ऐकायचे आणि रात्री धडा वाचायचा, असा त्यांचा क्रम होता. इंग्रजी शिकवायला मडम येई. तिचा विटाळ नको म्हणून धडा संपल्यावर आंघोळ करावी लागे. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही सोडले नाही.

पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावे म्हणून खटपट चालली होती, तेव्हा त्यांनी भरसभेत गव्हर्नरांसमोर इंग्रजी निवेदन वाचले. घरी परतल्यावर कौतुक दूरच, बोलणी मात्र पुष्कळ खावी लागली. परंतु १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली आणि पुढे कितीतरी मुली तिच्या दारातून आत गेल्या. त्यांना रमाबाईंइतके सोसावे लागले नाही.

त्यांची आणखी एक हातोटी ध्यानात घेण्याजोगी आहे. नवे काम त्या जुन्या, ओळखीच्या रूपात पुढे ठेवीत. नाशिकला असताना त्यांनी हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायका एकत्र जमवल्या. सभेला जाऊ न देणारी घरेही हळदीकुंकवाला नाही म्हणत नसत.

१९०१ साली माधवराव निवर्तले. रमाबाई पुण्यास आल्या आणि वर्षभर घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. पण दुःख उराशी धरून त्या बसून राहिल्या नाहीत. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना त्या भेटू लागल्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या आग्रहावरून १९०८ साली त्यांनी मुंबईच्या सेवासदनाची धुरा घेतली, आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. रुग्णसेवा हे भल्या घरच्या बाईचे काम नव्हे, असा त्या वेळी समज होता. सेवासदनाने विधवांना व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात शिक्षणासाठी धाडले. एकेक बाई कमावती होऊन परतली, तसतसा तो समज ढिला पडत गेला. पुढे पुण्यातील मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले.

आज अंधेरीहून पहाटेच्या लोकलने एखादी परिचारिका कामावर निघते, तेव्हा कोणी वळूनही पाहत नाही. रमाबाईंनी सोसले त्याचे फळ हेच. आपल्या मंडळातही एखादी भगिनी काही नवे सुचवील, तेव्हा तिला टोमणे मारणाऱ्यांत आपण असू नये, आणि जमल्यास तिच्यामागून दुसरे पाऊल आपले पडावे.