संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सिनेमा पाहता. नायक संकटात सापडला की वाद्ये जोरजोरात वाजू लागतात. आई रडू लागली की सारंगीचे करुण सूर ऐकू येतात. समजा, ही वाद्ये वाजलीच नाहीत तर? सिनेमा फिका वाटेल की अधिक खरा वाटेल? १९३७ साली काही कलावंतांनी हा प्रयोग करून पाहिला. त्यांच्यातील एक आपल्या वऱ्हाडातले होते. त्यांचे नाव केशवराव भोळे.

केशवरावांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमरावतीला झाला. अमरावती आणि अकोला या कापसाच्या मोठ्या बाजारपेठा. तेव्हा सिनेमा बोलत नव्हता आणि रेडिओही नव्हता. संगीताची हौस भागवायची ती भजनात, मैफलीत किंवा गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपन्यांच्या खेळात. केशवरावांनाही गाण्याची ओढ लागली. पुढे ते डॉक्टरीचे शिक्षण घेण्यासाठी मुंबईला गेले. डॉक्टर झाले असते तर त्यांना पैसा आणि मान दोन्ही मिळाले असते. पण त्यांचे मन सुरांत गुंतले होते. डॉक्टरीचा विचार मागे पडला आणि त्यांनी संगीताची वाट धरली. त्या वाटेवर पोटापाण्याची खात्री नव्हती, हे तुम्ही लक्षात घ्या.

केशवराव केवळ गाणारे नव्हते, विचार करणारे होते. 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी मोठमोठ्या गायकांविषयी लिहिले. कोणाचे गाणे का आवडते आणि कोठे कमी पडते, हे ते स्पष्टपणे सांगत. एकलव्य हा महाभारतातील एक शिष्य. गुरूने शिकवण्यास नकार दिला, तरी तो स्वतःच्या कष्टाने धनुर्विद्या शिकला.

त्या काळच्या मराठी संगीत नाटकांत गाणीच गाणी असत. लोक 'वन्समोअर' म्हणत आणि नट तेच गाणे पुन्हा गात. कथा मात्र तेथेच थांबून राही. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' हे नवे नाटक रंगभूमीवर आले. नॉर्वेतील एका लेखकाच्या नाटकावर ते आधारलेले होते. त्याचे संगीत केशवरावांचे होते. त्यांनी गाणी अगदी थोडी ठेवली, आणि तीही कथेला शोभतील अशी. केशवरावांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई भोळे यांनी या नाटकात काम केले. तोपर्यंत स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करत असत. म्हणून हे मोठे धाडस होते.

इकडे सिनेमा बोलू लागला होता. 'आलम आरा' हा आपल्या देशातील पहिला बोलपट १९३१ साली आला. लगेच १९३२ साली 'इंद्रसभा' आला. अमानत यांच्या उर्दू नाटकावरील या बोलपटात सुमारे सत्तर गाणी होती! जितकी गाणी जास्त तितका सिनेमा चांगला, असे लोकांना वाटे.

अशा वेळी केशवराव पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत गेले. १९३४ च्या 'अमृतमंथन' या बोलपटाला त्यांनी संगीत दिले. प्रभातचे अनेक बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघत. शब्द वेगळे आणि भाव तोच. दोन्ही भाषांना शोभेल अशी चाल बांधणे सोपे नसते. तुम्ही उर्दूत शिकता आणि मराठीही शिकता. म्हणून ही अडचण तुम्हाला चांगली समजेल.

१९३६ साली 'संत तुकाराम' हा बोलपट आला. त्याचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे होते. फत्तेलाल यांना सगळे प्रेमाने साहेबमामा म्हणत. एका मराठी संताची कथा हिंदू आणि मुसलमान अशा दोन मित्रांनी मिळून पडद्यावर आणली. केशवरावांनी तिला साध्या भजनाच्या चाली दिल्या. तुकारामांच्या तोंडी अवघड ताना घातल्या असत्या, तर ते संत न वाटता दरबारी गवई वाटले असते. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या बोलपटाचा गौरव झाला.

त्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' काढला. हिंदीत त्याचे नाव 'दुनिया न माने'. त्याची हिंदी गाणी मुन्शी अझीझ यांनी लिहिली. एका तरुण मुलीचे लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावले जाते. ती रडत बसत नाही. हा अन्याय मी मानणार नाही, असे ती ठामपणे सांगते. कथा खऱ्या आयुष्यातली होती. मग खऱ्या घरात कोठून तरी वाद्ये वाजू लागतात का? नाही. म्हणून या बोलपटात पार्श्वसंगीत ठेवलेच नाही. घड्याळाची टिकटिक आणि घरातले नेहमीचे आवाज एवढेच ऐकू येतात. संगीत दिग्दर्शकाने आपलीच वाद्ये बंद ठेवायची, हे सोपे नव्हते. लोकांना हे आवडले नसते तर सारा दोष त्याच्यावर आला असता. पण लोकांनी 'कुंकू' उचलून धरला. त्या शांततेत मुलीचे दुःख थेट मनाला भिडले.

पुढे 'संत ज्ञानेश्वर', 'संत सखू' अशा बोलपटांनाही केशवरावांनी संगीत दिले. आपल्या कामाचे अनुभव त्यांनी 'माझे संगीत' या पुस्तकात लिहून ठेवले. आज ते हयात नाहीत. पण त्यांचे बोलपट आजही पाहता येतात.

मित्रांनो, ज्याला गाता येते त्याला गावेसे वाटणारच. पण कोठे गावे आणि कोठे थांबावे, हे ज्याला कळते तोच खरा कलावंत. केशवरावांना ते कळले होते. पुढच्या वेळी सिनेमा पाहाल तेव्हा क्षणभर डोळे मिटा आणि नुसते ऐका. प्रत्येक आवाज तेथे का आहे, असा प्रश्न स्वतःला विचारा.

शब्दार्थ
चाल – तर्ज, धून
वाद्य – साज
टोपणनाव – तखल्लुस
धाडस – हिंमत
हयात – जिवंत

स्वाध्याय
१. केशवरावांनी कोणते शिक्षण सोडून संगीताची वाट धरली?
२. 'संत तुकाराम' बोलपटातील चाली साध्या का ठेवल्या?
३. 'कुंकू' मध्ये पार्श्वसंगीत का ठेवले नाही? तुमच्या शब्दांत लिहा.