अजिंठ्याचे राखणदार : गुलाम यझदानी

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला चित्रकथा आवडतात ना? एक चित्र पाहिले की पुढचे पाहण्याची उत्सुकता वाटते. अशाच चित्रकथा सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या मराठवाड्यात, अजिंठ्याच्या लेण्यांत, भिंतींवर रंगवल्या गेल्या. सहा सुळे असलेल्या हत्तीची आणि सर्वस्व दान करणाऱ्या राजपुत्राची गोष्ट तेथे चित्रांतून सांगितली आहे. ही मूळ चित्रे टिकावीत म्हणून ज्यांनी आयुष्यभर कष्ट घेतले, त्या गुलाम यझदानी यांची ओळख आज करून घेऊ.

यझदानी यांचा जन्म 1885 साली दिल्लीत झाला. अरबी आणि फारसी भाषांचे ते गाढे अभ्यासक होते. 1914 साली हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते सुरू झाले. त्याची जबाबदारी यझदानी यांच्याकडे आली. त्या काळी आपले परळी गाव आणि अजिंठा, दोन्ही याच संस्थानात होते.

त्या वेळी अजिंठ्याची काय अवस्था होती? 1819 साली एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि तेथे लोक येऊ लागले. काहींनी तर चित्रांचे तुकडेच काढून नेले. पावसाचे पाणी झिरपत होते. वटवाघळांनी घाण केली होती. चित्रांखालचा गिलावा मातीचा, त्यात गवत व भुसा मिसळलेला. तो जागोजागी भिंतीपासून सुटत होता.

चित्रांच्या नकला करण्याचे प्रयत्न पूर्वी झाले होते. रॉबर्ट गिल या चित्रकाराने अनेक वर्षे लेण्यांत राहून नकला केल्या. 1866 साली लंडनच्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या. 1885 साली लंडनमध्येच लागलेल्या आगीत त्यांतील कितीतरी नष्ट झाल्या. नकल जळाली तर दुसरी करता येते. पण मूळ चित्रच गळून पडले तर नकल कशाची करणार?

म्हणून यझदानी यांच्या खात्याने आधी मूळ चित्रांकडे लक्ष दिले. 1920 साली इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावण्यात आले. त्यांनी चित्रे साफ केली, सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला पक्का केला आणि रंगांवर लाखेचा पातळ लेप दिला.

यानंतर यझदानी यांनी दुसरे काम हाती घेतले. चित्रांची छायाचित्रे घेऊन, प्रत्येक चित्रातील गोष्ट समजावून सांगणारा मोठा ग्रंथ त्यांनी तयार केला. त्याचा पहिला भाग 1930 साली आणि चौथा 1955 साली निघाला. मधल्या काळात, 1943 साली, ते निवृत्त झाले. पण काम थांबले नाही. 1959 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. 1962 साली त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. तो लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि त्याखाली चित्रे झाकोळली. नंतरच्या भारतीय तज्ज्ञांना तो अतिशय जपून काढावा लागला. जतन करणे हे एकदा करून संपणारे काम नाही. प्रत्येक पिढीला ते नव्या ज्ञानाने पुढे न्यावे लागते. 1983 साली अजिंठ्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला, तो अशा अनेकांच्या कष्टांमुळे.

तुम्ही अजिंठ्याला सहलीला जाल, तेव्हा भिंतींना हात लावू नका. फ्लॅश टाकून फोटो काढू नका. तुमच्या घरीही कातिबाने लिहिलेले एखादे जुने पुस्तक किंवा कोणी हाताने काढलेले चित्र असेल. ओल आणि वाळवी यांपासून ते सांभाळा. ते तुमच्यानंतर येणाऱ्यांचेही आहे.