झाडूवाल्यासकट चौतीस

ऑगस्ट १९६३ मधली गोष्ट. आयबीएमचे सर्वेसर्वा थॉमस वॉटसन ज्युनियर यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना एक मेमो धाडला. झालं होतं असं, की कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन (आपण सीडीसी म्हणू) नावाच्या, तेव्हा जेमतेम सहा वर्षांच्या कंपनीने ६६०० नावाचा कॉम्प्युटर जाहीर केला होता आणि तो जगातला सगळ्यात वेगवान ठरणार हे उघड दिसत होतं. वॉटसनसाहेबांना कळलं, की हे मशिन बनवणाऱ्या लॅबमध्ये माणसं आहेत एकूण चौतीस. तीही झाडूवाला धरून! त्यात इंजिनिअर चौदा, प्रोग्रॅमर चार आणि पीएचडी झालेला एकच, तोही ज्युनियर प्रोग्रॅमर. आपल्याकडे एवढा फौजफाटा असताना या मूठभर लोकांनी आपल्याला मागे टाकलंच कसं, असा त्यांचा सवाल होता. हा मेमो पुढे जगजाहीर झाला. चौतीस जणांच्या म्होरक्यापर्यंत तो पोचला तेव्हा तो एवढंच म्हणाला म्हणे, की वॉटसनसाहेबांच्या प्रश्नातच त्यांचं उत्तर आहे.

हा म्होरक्या म्हणजे सेमूर क्रे. सुपरकॉम्प्युटरचा जनक वगैरे त्याला म्हणतात. मी त्याला सरळ अरे-तुरे करतोय. वाचता वाचता तो आपल्या विंगमधलाच कुणीतरी, रात्री तीनपर्यंत सोल्डरिंग करत बसणारा वाटायला लागतो, त्याला मी काय करू! शिवाय ज्याच्या त्याच्या तोंडी स्टीव्ह जॉब्ज आणि गॅरेज. गॅरेजच्या आधीही काही घडलं होतं की नाही?

क्रेचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स नावाच्या छोट्याशा गावातला. वडील गावचे सिव्हिल इंजिनिअर. पोराचा नाद ओळखून त्यांनी घराचं तळघर त्याला प्रयोगशाळा म्हणून देऊन टाकलं. दहाव्या वर्षी खेळण्यातल्या सुट्या भागांपासून त्याने भोकं पाडलेल्या कागदी पट्टीचं मोर्स कोडमध्ये रूपांतर करणारं यंत्र बनवलं. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात रेडिओ ऑपरेटर होता, आधी युरोपात, मग फिलिपिन्समध्ये जपानी संदेश फोडणाऱ्या पथकात. परत येऊन मिनेसोटा विद्यापीठातून १९४९ मध्ये इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये गणितातली मास्टर्स.

नोकरी लागली सेंट पॉलमधल्या ईआरए या कंपनीत. नौदलासाठी संदेश फोडणारी यंत्रं बनवणारी ही कंपनी ग्लायडरच्या जुन्या कारखान्यात थाटलेली होती. कॉम्प्युटर म्हणजे काय हेच जिथे ठरायचं होतं, तिथे हा फ्रेशर दोन-चार वर्षांत तज्ज्ञ झाला. पण ईआरए विकली गेली, विकत घेणारी कंपनी पुढे आणखी मोठ्या कंपनीत विलीन झाली, आणि मग जे व्हायचं तेच झालं. कमिट्या, मंजुऱ्या, मीटिंगा. १९५७ मध्ये विल्यम नॉरिस काही सहकाऱ्यांना घेऊन बाहेर पडला आणि एक डॉलरला एक असे शेअर विकून त्याने सीडीसी काढली. हातातलं नौदलाचं काम आटपून क्रेही त्याच्या मागोमाग गेला.

इथलं पहिलं मोठं मशिन १६०४. ते १९६० मध्ये गिऱ्हाइकाकडे गेलं. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या कॉम्प्युटरांपैकी हे एक. कंपनीकडे पैसा नव्हता, म्हणून क्रेने स्वस्तातले, एकाचा गुण दुसऱ्याशी न जुळणारे ट्रान्झिस्टर घेतले आणि सर्किटच असं आखलं की ते चालून जावेत, असं सांगतात. मला हे फार आवडलं. आपण कंपोनंट खराब आहे म्हणून रीडिंग येत नाही असं सरांना सांगतो! त्याच काळात त्याने १६० नावाचं टेबलाएवढं छोटं मशिनही केलं. आपल्याशी याचा संबंध असा, की १९६४ साली मुंबईत टीआयएफआरमध्ये जो सीडीसीचा ३६०० कॉम्प्युटर आला, तो १६०४ च्याच घराण्यातला, आणि त्याच्या जोडीला क्रेच्या या छोट्या मशिनचं सुधारित रूप १६०-ए होतं. म्हणजे कुलाब्यात बसून आपल्याकडच्या शास्त्रज्ञांच्या एका पिढीने क्रेच्या डोक्यातून निघालेल्या मशिनवर हात साफ केला.

सीडीसी वाढली तशा तिथेही मीटिंगा सुरू झाल्या. पाच वर्षांचा आणि एक वर्षाचा आराखडा मागितला तेव्हा क्रेने लिहून दिलं, की पाच वर्षांत जगातला सगळ्यात मोठा कॉम्प्युटर बनवायचा आणि यंदा त्याचा एक पंचमांश करायचा. (सिनॉप्सिस असा लिहून बघा एकदा, आणि काय होतं ते मला कळवा.) शेवटी त्याने नॉरिसला सांगून लॅबच आपल्या गावी, चिपेवा फॉल्सला, स्वतःच्या घराजवळ नेली. १९६२ ची ही गोष्ट. हेडऑफिसपासून शे-दीडशे किलोमीटर लांब. सहज म्हणून डोकवायला कुणी येणार नाही, हाच हेतू. कौतुक नॉरिसचंही केलं पाहिजे. आपल्या सगळ्यात हुशार माणसाला नजरेआड जाऊ द्यायला छाती लागते.

तिथे ६६०० तयार झालं. क्रेचा विचार साधा होता. मुख्य प्रोसेसरने फक्त गणित करायचं, बाकीची हमाली दुसऱ्यांनी. म्हणून कार्ड वाचणं, प्रिंट काढणं, टेप फिरवणं ही सगळी कामं दहा छोट्या पेरिफेरल प्रोसेसरांवर टाकली. मुख्य प्रोसेसरच्या आतही बेरजेला वेगळं युनिट, गुणाकाराला वेगळं, भागाकाराला वेगळं, अशी दहा युनिटं. एक इन्स्ट्रक्शन अडली तर दुसरी शक्य असेल तिथे पुढे सरकायची. कुणाला काय लागतं आणि कोण कशासाठी थांबलंय याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा म्हणजे स्कोअरबोर्ड. कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या पेपरला आपण जो घोकतो तोच. त्यामागे जिम थॉर्न्टन हा क्रेचा मुख्य जोडीदार होता. सिलिकॉनचे नवे ट्रान्झिस्टर फेअरचाइल्डकडून आणलेले, सुमारे चार लाख, आणि तारा आखूड राहाव्यात म्हणून खच्चून भरलेले. मग उष्णतेचं काय? डीन राउश नावाच्या इंजिनिअरने मशिनमध्ये फ्रिऑन खेळवलं. हा माणूस आधी फ्रीज बनवणाऱ्या कंपनीत होता! लहान टीमचं हेच मर्म मला वाटतं. ज्याच्या डोक्यात आर्किटेक्चर आहे आणि ज्याच्या हातात पाइप आहे, ते दोघे एकाच खोलीत. पाइप बसत नसेल तर डिझाइन बदलायला सर्क्युलर काढावं लागत नाही.

१९६४ मध्ये आलेलं हे मशिन आयबीएमच्या स्ट्रेचच्या साधारण तिप्पट वेगाचं होतं. किंमत काही दशलक्ष डॉलर, तरी शंभराच्या आसपास खपली. आयबीएमने मग आपणही असं मशिन आणतोय अशी जाहिरात केली, गिऱ्हाइकं थांबून राहिली आणि सीडीसीचा श्वास कोंडला. सीडीसीने १९६८ मध्ये कोर्टात खेचलं. १९७३ मध्ये तडजोड झाली आणि आयबीएमला आपली एक कंपनीच देऊन टाकावी लागली.

पण एक गोष्ट इथे बोललीच पाहिजे. चौतीस माणसांनी आयबीएमला हरवलं हे वाक्य ऐकायला झकास आहे, पूर्ण खरं नाही. त्या चौतिसांच्या मागे सीडीसीचा पैसा, विक्रीची माणसं आणि कारखाना होता. फेअरचाइल्डचे ट्रान्झिस्टर नसते तर डिझाइन कागदावरच राहिलं असतं. आणि पुढच्या क्रे-१ मधली साठ मैलांहून जास्त तार हाताने जोडली ती गावातल्या बायकांनी. त्यांची नावं कुठल्याही मेमोत नाहीत. कल्पना लहान टीममध्ये शाबूत राहते हे खरं, पण तिला जगवायला बाहेर बरेच हात लागतात.

आणि लहान टीम हरतेसुद्धा. १९६९ चं ७६०० पार पडलं, पण त्यानंतरचं ८६०० अडकलं. भाग इतके दाटीने भरलेले, की एक जोड निखळला तरी सगळं ठप्प, आणि जोड हजारो. त्यातच सीडीसीची तंगी. सगळ्या विभागांनी पगाराचा खर्च दहा टक्के कमी करावा असा हुकूम आला, तेव्हा माणूस कमी न करता क्रेने स्वतःचा पगार किमान वेतनावर आणला. तरी मशिन काही नीट चालेना. १९७२ मध्ये त्याने नॉरिसला सांगितलं, की हे टाकून नव्याने सुरुवात करायला हवी. नॉरिसकडे तेवढे पैसे नव्हते, कारण थॉर्न्टनचं स्टार-१०० हे दुसरं मशिनही त्याच तिजोरीतून चाललं होतं. क्रे बाहेर पडला. भांडण मात्र नाही झालं. उलट सीडीसीनेच त्याच्या नव्या कंपनीत पैसे घातले. आजच्या जमान्यात हे वाचून मी दोनदा खात्री करून घेतली.

मोजक्या जुन्या सहकाऱ्यांना घेऊन क्रे रिसर्च सुरू झाली. त्यात लेस डेव्हिस होता. क्रेच्या कागदावरच्या कल्पनेला चालतं मशिन बनवणारा माणूस हाच. यावेळी क्रेने आपली खोड मोडली. प्रत्येक गोष्ट नवीन करायची नाही. संपूर्ण क्रे-१ मध्ये चिपचे प्रकार फक्त चार. स्टार-१०० मध्ये वेक्टर थेट मेमरीतून यायचे-जायचे, त्यामुळे लांबलचक वेक्टर असेल तरच फायदा व्हायचा आणि साधी गणितं रेंगाळायची. क्रेने ६४ आकड्यांची आठ वेक्टर रजिस्टरं प्रोसेसरमध्येच ठेवली आणि साधं गणितही जलद केलं. मशिनचा आकार इंग्रजी सी अक्षरासारखा, कारण तसं केलं की आतल्या बाजूने तारा आखूड पडतात. एकही तार चार फुटांपेक्षा लांब नाही. १२.५ नॅनोसेकंदाच्या घड्याळात प्रत्येक वीत मोजावी लागते. बाहेरून गोलाकार बाक, खाली पॉवर सप्लाय. वजन सुमारे पाच टन.

१९७६ मध्ये पहिलं मशिन लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेला सहा महिने वापरून बघायला दिलं. त्याच वर्षी कंपनीने शेअर बाजारातून एक कोटी डॉलर उभे केले, एकही मशिन विकलेलं नसताना! लॉस अलामॉसमध्ये एक त्रुटी कळली. मेमरीतला एखादा बिट अधूनमधून आपोआप उलटायचा आणि तो दुरुस्त करायची सोय क्रेने वेगासाठी टाळली होती. कंपनीने दुसऱ्या क्रमांकाचं मशिन अर्धवट सोडलं आणि तिसऱ्यापासून ती सोय घातली. हे तिसरं मशिन १९७७ मध्ये हवामान संशोधन करणाऱ्या एनसीएआर या संस्थेने ८८.६ लाख डॉलरला घेतलं. डझनभर खपली तरी पुष्कळ अशा अपेक्षेने बनवलेली ही मशिनं ऐंशीच्या वर गेली.

कंपनी मोठी झाली, आणि क्रे पुन्हा अस्वस्थ. १९८० मध्ये कारभार जॉन रोलवॅगनकडे सोपवून तो परत ड्रॉइंगच्या कागदाकडे गेला. (घराखाली बोगदा खणायचा त्याला छंद होता. अडलं की खणायला जायचा, असं रोलवॅगन सांगायचा.) १९८५ चं क्रे-२ द्रवात बुडवून थंड केलेलं. क्रे-३ साठी त्याने सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड धरलं. कंपनीला दोन महागडे प्रकल्प एकदम झेपेनात, म्हणून १९८९ मध्ये तो कोलोरॅडो स्प्रिंग्जला वेगळी कंपनी घेऊन बसला. या वेळी मात्र डाव फसला. शीतयुद्ध संपलं, पहिलं गिऱ्हाईक फिरलं, क्रे-३ चं एकच मशिन एनसीएआरमध्ये १९९३ ला बसलं, तेही न विकता, आणि मार्च १९९५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

याच सुमारास पुण्यात काय चाललं होतं बघा. भारताला क्रे कंपनीचं मोठं मशिन हवं होतं. अमेरिकेने नकार दिला आणि बऱ्याच अटी घालून एक्स-एमपी/१४ हे धाकटं मशिन दिल्लीला हवामानाच्या कामासाठी दिलं. (एक्स-एमपी क्रेचं नव्हे, स्टीव्ह चेनचं डिझाइन.) त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झालं. ते शेकडो तोळ्याचा एक प्रोसेसर बनवून नव्हे, तर ट्रान्सप्युटर नावाच्या बाजारात मिळणाऱ्या छोट्या प्रोसेसरांची रांग लावून.

क्रेला ही रीत अजिबात पटायची नाही. नांगराला दोन दमदार बैल जुंपायचे की १०२४ कोंबड्या, असं तो विचारायचा म्हणे. आपल्या पुणेकरांनी कोंबड्याच जुंपल्या, आणि नांगर चालला!

गंमत म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर १९९६ मध्ये क्रेने एसआरसी ही आणखी एक छोटी कंपनी काढली, ती अनेक प्रोसेसर एकत्र चालवण्यासाठीच. म्हणजे शेवटी तोही कोंबड्यांकडे वळला होता. पण २२ सप्टेंबरला कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ हायवेवर त्याच्या जीपला अपघात झाला आणि ५ ऑक्टोबर १९९६ रोजी तो गेला. वय ७१.

त्याची क्रे रिसर्च त्याच वर्षी विकली गेली, पुढे हातोहात फिरत २०१९ मध्ये एचपीईकडे आली. २०२२ मध्ये जगातला पहिला एक्झाफ्लॉप कॉम्प्युटर म्हणून जाहीर झालेलं फ्रंटियर याच घराण्यातलं. त्याची कपाटं चिपेवा फॉल्सच्या कारखान्यात जोडली गेली, आणि आत जीपीयू आहेत ३७ हजारांवर.