श्रीगाडगे महाराज : व्यसननिवारणाचा आचारधर्म

राजदंडाच्या भयाने मनुष्याचा हात आवरतो, मन आवरत नाही. मनाला वळण लावणे हे धर्माचे कार्य होय. परंतु धर्माच्याच नावाखाली दुराचार चालत असेल, तर आधी तो दूर करावा लागतो. श्रीगाडगे महाराजांनी आयुष्यभर हेच केले.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुळात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. देवाला नवस, नवसाला बकरा आणि पंगतीला दारू, अशी तेव्हाची रूढी होती. वडील झिंगराजी मद्याच्या आहारी गेले आणि १८८४ मध्ये त्यातच त्यांचा अंत झाला. माता सखुबाई आठ वर्षांच्या पुत्रासह दापुरे येथे माहेरी राहिल्या. पुढे मामांची जमीनही सावकारी कर्जात बुडाली. व्यसन आणि ऋण यांचा परिणाम डेबूजींनी असा घरातच पाहिला.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह झाला. कन्येच्या बारशाला जातभाई मद्यमांसाच्या पंगतीची अपेक्षा धरून आले. डेबूजींनी गोड जेवण वाढले. आप्तांचा रोष झाला, तरी ते ढळले नाहीत. लोकांना सांगण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या घरची रूढी मोडली, म्हणून पुढे त्यांच्या शब्दाला वजन आले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे, एवढाच परिग्रह. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तन करावे. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. मुक्या जीवाच्या वधाने देव कसा प्रसन्न होईल, कर्ज काढून लग्न का करावे, दारूने कोणाचे भले झाले, याची उत्तरे श्रोत्यांच्याच मुखातून निघत. त्यांनी कोणाला शिष्य केले नाही. मिळालेल्या द्रव्यातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यावर त्यांनी कुटुंबाचा अधिकार ठेवला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक त्यांनी देह ठेवला.

आळंदी-देहूच्या वाटेवरील पुणे आज विस्तारले आहे. एकेकाळचे खेडे असलेले कोथरूड शहरात मिसळून गेले. अशा वस्तीत दारूची बाटली निराळी असेल, पण तिच्यामुळे उघडी पडणारी चूल शेंडगावातल्यासारखीच असते. तेथे केवळ प्रवचनाने भागत नाही. साधकाने व वासनिकाने आपल्या घरच्या मंगलकार्यातून मद्य, हिंसा व ऋण ही प्रथम बाहेर काढावीत. मग शेजारी आपण होऊन विचारू लागेल.