बळ कशासाठी? – जॉर्ज एबेर यांची जीवनकहाणी

मधल्या सुट्टीत मैदानावर हल्ली एक शब्द वारंवार कानावर पडतो – पार्कूर. भिंतीवर पाय रोवून वर चढायचे, कठडा एका हाताच्या आधाराने ओलांडायचा, उंचावरून उडी घेऊन लगेच पळत सुटायचे, असा हा प्रकार. चित्रपटांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून तो तुमच्यापर्यंत पोहोचला. पालकसभेत त्याविषयी काळजीचा सूर निघतो आणि तो रास्तच आहे. चित्रफितीत दिसते ती अर्ध्या मिनिटाची उडी. तिच्यामागची दहा वर्षांची तालीम कोणी दाखवत नाही. म्हणून या अंकात ज्यांच्या कामातून पुढे पार्कूर उगवले, त्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची ओळख करून देत आहोत. गंमत म्हणजे पार्कूर हा शब्द त्यांनी आजच्या अर्थाने कधी ऐकलाही नसेल.

जॉर्ज एबेर यांचा जन्म २७ एप्रिल १८७५ रोजी पॅरिस शहरात झाला. तरुणपणी ते फ्रान्सच्या नौदलात दाखल झाले. तो काळ शिडाची जहाजे मावळण्याचा आणि वाफेची जहाजे रुळण्याचा होता. उंच डोलकाठीवर सरसर चढणारे, वाऱ्यात हेलकावणाऱ्या दोरांवर पाय टेकून शीड गुंडाळणारे खलाशी एबेरांनी जवळून पाहिले. आपल्याकडे दोरीचा मल्लखांब पाहणाऱ्याला त्या दृश्याची थोडीफार कल्पना येईल. फरक इतकाच की खलाशाच्या पायाखाली गादी नसे आणि हात सुटला तर खाली लाकडी डेक किंवा समुद्र. हे खलाशी व्यायामशाळेत गेलेले नव्हते. तरीही त्यांचा तोल, पकड आणि अंदाज बिनचूक होता.

जहाजाबरोबर एबेर अनेक देश फिरले. आफ्रिकेत आणि इतरत्र त्यांनी असे लोक पाहिले की ज्यांची शरीरे बांधेसूद, लवचीक आणि चिवट होती. पण त्यांना कवायत शिकवणारा कोणी नव्हता. चालणे, धावणे, झाडावर चढणे, ओझे वाहणे, पोहणे या रोजच्या कामांतूनच ती घडलेली होती. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. एबेर हे साम्राज्यवादी सत्तेचे अधिकारी होते आणि त्या लोकांकडे पाहण्याची त्यांची नजरही त्या काळातल्या गोऱ्या अधिकाऱ्याचीच होती. त्यांना शरीरे दिसली. त्या लोकांचे दुःख कितपत दिसले असेल, हा प्रश्न आज आपल्याला पडतो. मात्र शरीराविषयी त्यांनी काढलेला निष्कर्ष पुढे टिकला.

१९०२ साली ते कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच बेटाजवळ ‘सुशे’ नावाच्या युद्धनौकेवर होते. या बेटावरील पेले नावाचा ज्वालामुखी काही दिवसांपासून धुमसत होता. ८ मे १९०२ रोजी सकाळी आठच्या सुमारास त्याचा स्फोट झाला आणि जळत्या वायूचा व राखेचा लोट डोंगरउतारावरून सें-पिएर शहरावर आला. काही मिनिटांत सुमारे अठ्ठावीस हजार माणसे मरण पावली. शहरातून जिवंत सापडलेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यातला एक होता जाड भिंतींच्या कोठडीत डांबलेला कैदी! बंदरातली जहाजे पेटली. नंतरच्या काळात आसपासच्या वस्त्यांतील माणसांना समुद्रमार्गे हलवण्याचे काम नौदलाने केले. सुमारे सातशे जणांच्या सुटकेत एबेरांचा वाटा होता असे सांगितले जाते.

या प्रसंगाने त्यांचे आयुष्य वळवले. धावत्या, घाबरलेल्या माणसांच्या गर्दीत त्यांना एक फरक दिसला. काही माणसे अडथळा समोर येताच थिजून जात होती, तर काही वाट काढत होती, दुसऱ्याला हात देत होती. पिळदार दंड असलेला माणूस अशा वेळी उपयोगी पडेलच असे नाही. भिंत ओलांडता आली पाहिजे, मूल खांद्यावर घेऊन पळता आले पाहिजे, पाण्यात पडलेल्याला ओढून आणता आले पाहिजे, आणि मुख्य म्हणजे ते करण्याची मनाची तयारी पाहिजे. शक्ती कमवायची ती कोणाच्या तरी उपयोगी पडण्यासाठी, हे सूत्र त्यांनी पुढे जन्मभर धरले. शिस्त, व्यायाम आणि परोपकार या तिन्हींची त्यांनी एकच मोट बांधली.

फ्रान्सला परतल्यावर १९०५ च्या सुमारास ब्रिटनी प्रांतातील लोरियाँ येथे नौसैनिकांना शारीरिक शिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या वेळी युरोपात स्वीडिश पद्धतीच्या कवायतीचे मोठे प्रस्थ होते. रांगेत उभे राहायचे, आकड्यावर हात वर, आकड्यावर हात खाली. एबेरांना ही पद्धत निर्जीव वाटली. त्यांनी माणसाच्या हालचालींचे दहा गट केले – चालणे, धावणे, उडी मारणे, हातापायांवर चालणे, चढणे, तोल सांभाळणे, फेकणे, उचलणे, स्वसंरक्षण आणि पोहणे. मग उघड्या मैदानावर, अंगावर अगदी मोजके कपडे ठेवून, उन्हावाऱ्यात या सगळ्यांचा सराव सुरू झाला. या पद्धतीला त्यांनी नैसर्गिक पद्धत असे नाव दिले.

आता ज्याची पालकांना काळजी आहे त्या मुद्द्याकडे येऊ. एबेरांच्या मैदानावर धाडस होते, पण बेफिकिरी नव्हती. सैनिकांच्या तुकड्या एकामागून एक लाटांसारख्या मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात. जो तयार आहे तो जलद जाई, जो कच्चा आहे तो सावकाश. पण थांबत कोणीच नसे आणि दुसऱ्याच्या वेगाशी बरोबरी करण्याची सक्तीही कोणावर नसे. उंचावरून उडी मारण्याआधी खाली कसे उतरायचे हे शिकवले जाई. आरंभ कमी उंचीपासून होई. प्रत्येकाची नोंद ठेवली जाई. ती नोंद कशी, हेही पाहण्यासारखे आहे. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या शक्तीच्या मोजमापावरील पुस्तकात त्यांनी बारा कसोट्या दिल्या. शंभर, पाचशे आणि पंधराशे मीटर धावणे, जागेवरून व धावत येऊन उंच आणि लांब उड्या, दोरावर चढणे, चाळीस किलो वजन उचलणे, गोळा फेकणे, शंभर मीटर पोहणे आणि पाण्याखाली श्वास रोखून राहणे. साधारण धडधाकट माणसाला जे जमलेच पाहिजे, तिथे शून्य गुण ठेवले. त्याहून कमी पडला तर गुण उणे! एकाच प्रकारात भरपूर गुण मिळवून बाकी ठिकाणी उणे राहणारा त्यांच्या लेखी बलवान नव्हता. आपल्या प्रगतिपुस्तकात असे उणे गुण देण्याची सोय नाही, हे विद्यार्थ्यांचे नशीबच म्हणायचे.

ही क्रमाक्रमाने जाण्याची रीत आपल्याला परकी नाही. मल्लखांबाचा कोणताही जाणता शिक्षक नव्या मुलाला पहिल्या दिवशी बोंडावर उभा करत नाही. आधी पकड, आधी साधी अढी, आधी नीट उतरणे. लोरियाँ आणि आपल्या तालमी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी शरीर शिकवू लागलेली माणसे दोन्हीकडे एकाच ठिकाणी पोहोचली.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सची कामगिरी देशाला निराश करणारी ठरली आणि शारीरिक शिक्षणाची चर्चा एकदम तापली. १९१३ च्या मार्च महिन्यात पॅरिसमध्ये शारीरिक शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे एबेरांनी आपले शिकाऊ खलाशी मैदानात उतरवले. निवडक कसलेले खेळाडू नव्हे, तर साधी भरती झालेली पोरे! त्यांच्या हालचाली पाहून जाणकार थक्क झाले. त्याच वर्षी रॅंस शहरात मार्की द पोलिन्याक या धनिकाच्या आश्रयाने मोठे क्रीडा महाविद्यालय उभे राहिले आणि त्याची सूत्रे एबेरांकडे आली. मैदाने, धावपट्ट्या, पोहण्याचा तलाव असे सगळे तेथे होते. एबेर तेव्हा अडतीस वर्षांचे होते.

वर्षभरात पहिले महायुद्ध सुरू झाले. रॅंस शहर थेट आघाडीवर आले, तोफांचा मारा झाला आणि महाविद्यालय जमीनदोस्त झाले. एबेर नौसैनिकांबरोबर बेल्जियममधील दिक्समूदच्या लढाईत होते. तेथे १९१४ मध्ये त्यांच्या हाताला गंभीर जखम झाली. शरीर घडवण्याचे व्रत घेतलेल्या माणसाचा हात पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. विश्वस्त मंडळींना हे वाचताना विशेष जाणवेल, कारण संस्था उभी करायला किती वर्षे लागतात आणि मोडायला किती थोडा वेळ पुरतो हे त्यांना ठाऊक आहे.

एबेर थांबले नाहीत. महायुद्धानंतर त्यांनी मुली आणि स्त्रिया यांच्यासाठी ‘पालेस्त्रा’ नावाची संस्था चालवली; पुढे ती दोव्हील या समुद्रकाठच्या गावी होती. कमरेला आवळून बांधणाऱ्या कॉर्सेटच्या त्या जमान्यात मुलींनी मोकळ्या कपड्यांत धावावे, चढावे, पोहावे असे म्हणणे सोपे नव्हते. टीका झाली, पण काम चालू राहिले. १९२५ साली त्यांनी स्पर्धात्मक खेळांवर कडाडून टीका करणारे पुस्तक लिहिले. विक्रम, पैसा आणि प्रेक्षकांच्या टाळ्या यांच्या मागे लागले की खेळाडू आपले शरीर मोडून घेतो, असे त्यांचे मत होते. हे मत आम्हाला पूर्णपणे पटत नाही. आंतरशालेय सामन्यांनी आपल्या मुलांना बरेच काही दिले आहे. पण दुखरा गुडघा लपवून मैदानात उतरणारा मुलगा पाहिला की एबेर अगदीच चुकीचे नव्हते असे वाटते.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सचा पराभव झाल्यावर आलेल्या व्हिशी राजवटीने त्यांची पद्धत शाळांतून व युवक शिबिरांतून राबवली. परोपकारासाठी घडवलेली पद्धत हुकूमशाही वळणाच्या सरकारच्या हाती गेली, आणि युद्धानंतर तिच्या नावाला त्याचा डाग लागला.

उतारवयात एबेरांना पक्षाघात झाला. चालणे, बोलणे, लिहिणे सगळे गेले. त्यांनी ते लहान मुलासारखे पुन्हा शिकून घेतले, एकेक पायरी, आपल्याच पद्धतीने. २ ऑगस्ट १९५७ रोजी नॉर्मंडीतील तूर्झव्हील येथे वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शिकवणुकीतून फ्रेंच सैन्यात आणि अग्निशमन दलात अडथळ्यांच्या वाटा रुजल्या. अशा वाटेला फ्रेंच भाषेत ‘पार्कूर’ म्हणतात. व्हिएतनाममध्ये जन्मलेले रेमों बेल लहानपणी तेथील सैनिकी शाळेत अशा वाटांवर एकट्याने सराव करत. पुढे ते पॅरिसच्या अग्निशमन दलात गेले. त्यांचा मुलगा दाव्हिद, जन्म १९७३, पॅरिसजवळच्या लीस गावात मित्रांबरोबर भिंती, जिने, कठडे यांवर सराव करू लागला, आणि या मुलांच्या टोळीतून आजचे पार्कूर जन्मले. त्यातील काहींनी १९९७ साली ‘यामाकासी’ हा गट केला. ही मुले एकट्याने नव्हे, नेहमी गटाने सराव करत; एक उडी घेताना दुसरा पाहत असे, सावध करत असे. भिंत आधी हाताने चाचपायची, ओल्या कठड्यावर जायचे नाही, जमिनीवर पायाच्या चवड्यांवर आणि गुडघे वाकवून उतरायचे, उंची जास्त असेल तर एका खांद्यावरून तिरकी कोलांटी घेऊन धक्का जिरवायचा, म्हणजे पाठीचा कणा जमिनीवर आपटत नाही. हे सगळे आधी गवतावर आणि गुडघाभर उंचीवर, शेकडो वेळा. ज्या भिंतीवरून आज उडी मारली तिच्यावरून वीस वर्षांनीही उडी मारता आली पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

२०१७ साली ब्रिटनमध्ये पार्कूरला खेळ म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. २०२२ साली तोक्यो येथे आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. अनेक जुन्या साधकांनी या स्पर्धांना विरोध केला आणि त्यांचे मुद्दे एबेरांच्या १९२५ च्या पुस्तकातल्यासारखेच होते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात मुलांसाठी जंगलात लाकडी ओंडके, दोर आणि पूल लावून केलेल्या वाटा असतात. त्यांना तेथे ‘एबेरतिझ्म’च्या वाटा म्हणतात. सुट्टीच्या शिबिरात त्या वाटेवरून लोंबकळत जाणाऱ्या बहुतेक मुलांना हा शब्द कोणाच्या नावावरून आला हे ठाऊक नसते.