पहाडी आवाजाचे क्रांतिसिंह

वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्र हे नाना रामचंद्र पाटील यांचे गाव. तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ३ ऑगस्ट १९०० रोजी जन्मलेल्या नानांनी तलाठ्याची नोकरी धरली आणि १९३० च्या कायदेभंगात ती सोडली. त्यानंतर धिप्पाड देह, डोक्यावरचा फेटा आणि पहाडी आवाज एवढेच काय ते त्यांचे भांडवल उरले.

स्वराज्याचा विचार खेड्यात पोहोचत होता, पण बहुधा पांढरपेशा भाषेतून. ऐकणारा शेतकरी मान डोलवी आणि आपल्या कामाला लागे. नानांची बोली कृष्णाकाठची होती. सत्यशोधक विचारांचा संस्कार असल्याने सावकारी, अंधश्रद्धा आणि लग्नापायी होणारे कर्ज हे त्यांच्या भाषणांचे विषय असत. ध्वनिक्षेपकावाचून त्यांचा शब्द हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत जाई. अर्थात, मोठा आवाज आठवडी बाजारातही ऐकू येतो. नानांचा पोशाख, शब्द आणि वागणूक यांत मात्र कोठेही फट नव्हती. कर्ज काढून लग्न करू नका, असे सांगणाऱ्या या माणसाने अल्प खर्चाचे गांधी विवाह गावोगावी रूढ केले. म्हणून त्यांचे म्हणणे लोकांनी मनावर घेतले.

१९४२ मध्ये ते भूमिगत झाले. ज्याचे सारे सामर्थ्य व्यासपीठावर, त्याला सुमारे चार वर्षे उघडपणे बोलता येईना. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले, घर-जमीन जप्त केली. तरी ते हाती लागले नाहीत. १९४३ पासून प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावातले तंटे मिटवू लागली. त्या निकालांवर कोर्टाचा शिक्का नसे, तरी ते पाळले जात. त्यामागे नानांच्या नावाचा दरारा होता, तशी तुफान सेनेची जरबही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुन्हेगारांच्या तळपायांवर मार बसे आणि लोकांच्या तोंडी ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले.

१९४६ मध्ये नाना प्रकट झाले आणि सभांना पुन्हा गर्दी लोटली. स्वातंत्र्यानंतर ते शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये दूरच्या बीडमधून ते लोकसभेवर निवडून आले. मराठवाड्यातील शेतकऱ्यालाही हा कृष्णाकाठचा माणूस परका वाटला नाही. दिल्लीत त्यांनी आपला वेश बदलला नाही आणि सभागृहात ते मराठीतून बोलले. गावच्या पारावर सहज उमटणारी दाद तिथे कितीशी मिळणार? पण उसन्या भाषेत बोलून वजन वाढवण्याचा मोह त्यांना कधी झाला नाही.

६ डिसेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार वाळव्यात झाले.