सीएसएमटी बांधणारा माणूस १९ व्या वर्षी भारतात आला होता

करमाळा तालुक्यातल्या जेऊर स्टेशनातून जाणारा रूळ पुण्यामार्गे थेट मुंबईच्या सीएसएमटीला जाऊन थांबतो. तिथं उतरलेला माणूस गर्दीतून वाट काढत बाहेर पळतो. भिंतीवरच्या टाइल्स बघायला वेळ कुणाला असतो? पण ती इमारत ज्याच्या डोक्यातून आली त्याचं नाव होतं फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स.

स्टीव्हन्स यांचा जन्म १८४७ चा, इंग्लंडमधल्या बाथ शहरातला. १८६७ मध्ये ते सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागून भारतात आले. पहिली नेमणूक पुण्याला, मग मुंबई.

नाव झालं ते रॉयल आल्फ्रेड सेलर्स होममुळे. बंदरात उतरलेल्या खलाशांना राहायला बांधलेलं हे घर १८७६ मध्ये पूर्ण झालं. पुढं इथं विधिमंडळ भरायचं, आज पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे.

मग जीआयपी रेल्वेनं बोरीबंदरच्या नव्या स्टेशनसाठी त्यांना सरकारकडून मागून घेतलं. आधी ते युरोपातली स्टेशनं बघून आले. १८७८ ला काम सुरू झालं ते १८८८ पर्यंत चाललं, खर्च सुमारे १६ लाख रुपये.

तिकीटघराच्या भिंतींना इंग्लंडच्या मॉ अँड कंपनीच्या चकचकीत टाइल्स लावल्या. हा नुसता थाट नव्हता. मुंबईच्या दमट हवेत चुन्याची भिंत लवकर खराब होते, चकाकीची टाइल मात्र पाण्यानं पुसली की साफ. त्याच काळात एन्कॉस्टिक टाइल्सचीही चलती होती. त्यात नक्षी वरून रंगवत नाहीत, वेगवेगळ्या रंगांची माती साच्यात भरून भाजतात. त्यामुळं वरचा थर झिजला तरी नक्षी राहते.

दगडातले मोर, माकडं, पानंफुलं मात्र इथलीच. ती जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी घडवली. सीताराम खंडेराव आणि एम. एम. जनार्दन हे स्टीव्हन्स यांचे सहकारी होते. पण इमारतीचं कौतुक होताना ही दोन नावं क्वचितच निघतात, हे खटकतंच.

१८८४ मध्ये स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडली. समोरची महापालिकेची इमारत (१८९३) आणि चर्चगेटचं रेल्वे मुख्यालय (१८९९) हीसुद्धा त्यांचीच.

मार्च १९०० मध्ये मलेरियानं मुंबईतच त्यांचा मृत्यू झाला, वय अवघं ५२. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. त्यांचा व्यवसाय पुढं मुलानं, चार्ल्सनं चालवला.